डावा पाय पुढे

नेगीने सगळ्यांना ढकललं, फक्त मला ढकललं नाही.

औलीच्या बर्फावर आम्ही सातआठ जण ओळीने उभे होतो. नेगी आमचा शिकवणारा. तिथलाच, डोंगरातला, तिशीच्या आसपासचा, बोलताना खाली बघणारा. तो गुपचूप एकेकाच्या मागे जाई आणि पाठीला हात लावून पुढे लोटून देई. लोटलेला माणूस तोल सावरायला जो पाय आधी टाकील तो त्याचा पुढचा पाय. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा राहतो, दोन्ही पाय एकाच फळीला पट्ट्यांनी आवळलेले, आणि त्यातला एक उताराच्या बाजूला पुढे असावा लागतो. कुठला, ते शरीराला ठाऊक असतं, डोक्याला नसतं, म्हणून न सांगता लोटायचं. बंगळूरची कॉलेजातली पोरं लोटली गेली. दिल्लीचे एक स्थूल वकील होते, खन्ना नावाचे, तेही लोटले गेले. माझ्यामागे येऊन मात्र नेगी थांबला, खाकरला आणि म्हणाला, "माताजी, आप ज़रा ये सीढ़ी चढ़िए।"

बाईमाणसाच्या पाठीला हात कसा लावायचा, ही त्याची अदब. मी शेजारच्या लाकडी ओट्याची पायरी चढले. उजवा पाय आधी टाकला. "गूफी," असं म्हणून नेगीने पाना काढला आणि माझ्या फळीवरचे पट्टे उजवा पाय पुढे येईल असे फिरवून आवळले.

गूफी म्हणजे काय, ते मी खन्नांना विचारलं. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला या खेळात तसं म्हणतात, ते म्हणाले, आणि शब्दाचा अर्थच सांगायचा तर खुळा. त्याचं मला हसू आलं. आमच्या फलटणला उजव्या पायाला कुणी खुळा म्हटलं असतं तर सासूबाईंनी त्याला दारात उभं केलं नसतं. 'माताजी'चं मात्र हसू आलं नाही. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि नेगी काही तान्हा नव्हता.

औलीला आम्ही यांच्या हौसेने गेलो होतो. हे म्हणजे जयवंतराव, माझे यजमान. साखर कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि यांच्या डोक्यात साहसाचं वारं शिरलं. यांनी स्वतःपुरती स्कीची शिकवणी ठरवली होती, म्हणजे दोन पायांना दोन लांब पट्ट्या आणि हातात दोन काठ्या. बरोबर यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं. वन्संना जोशीमठात नरसिंहाचं दर्शन घ्यायचं होतं आणि पुढे हरिद्वारला गंगेत बुडी मारायची होती. हे तर शेवटपर्यंत बर्फात राहणार. मग वन्संना हरिद्वारला कोण नेणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण त्याचं उत्तर घरात इतकी वर्षं पोळ्या लाटत उभं होतं.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खोलीच्या काचेतून बाहेर बघत बसले होते. वरून एक बाई आली. तरुण नव्हती, खाली येऊन तिने हेल्मेट काढलं तर केस निम्मे पांढरे. पण येताना अशी आली, की कट्ट्याला टेकून गप्पा मारत उभी आहे आणि डोंगरच तिच्याखालून सरकतोय. मी उठले, जेवणघरात गेले आणि यांना म्हणाले, माझंही नाव घाला, मला ती एका फळीवरची विद्या शिकायची आहे.

हे हसले. आधी चहात हसले, मग कप खाली ठेवून हसले. या वयात हाडं मोडून घ्यायची आहेत का, म्हणाले. मी नाव घाला म्हणूनच राहिले, तेव्हा कारखान्यात कामगारांपुढे टाकायचे तशी अट टाकली. शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्या छोट्या उतारावरून कुणाचा हात न धरता खाली आलीस तर राहा शेवटपर्यंत, अक्काचं काय ते मी बघेन. नाही आलीस तर शनिवारी सकाळी जीप ठरवलेली आहे, मुकाट्याने अक्काला घेऊन हरिद्वारला जायचं.

मी हो म्हणाले. त्या उतारावरून खाली येणं ही माझ्या जन्मातली पहिली गोष्ट होती, जी मी कुणासाठीच करणार नव्हते. मुलीच्या शाळेसाठी नाही, सासूच्या पथ्यासाठी नाही, यांच्या साहेबांच्या जेवणासाठी नाही. ती मला हवी होती, बस.

आणि मी पडले. बुधवारी पडले, गुरुवारी पडले. पडण्याचेही प्रकार असतात हे मला तिथे कळलं. मागे पडलं की बूड सडकून निघतं, पुढे पडलं की मनगटं. फळी सरळ धरली की ती आडवी फिरे, आडवी धरली की तिची कड बर्फात रुते आणि मी दळणाच्या पोत्यासारखी खाली. बंगळूरची पोरं दुसऱ्या दिवशी किंचाळत का होईना, खाली येत होती. खन्नाही येत होते. पोटामुळे त्यांना बरं पडतं, असं ते स्वतःच म्हणायचे. मी मात्र उठून उभी राहीपर्यंतच दमून जाई. नेगी सारखा सांगे, माताजी, पुढच्या पायावर भार द्या. मी भार द्यायची, आणि तो पुढचा पाय म्हणजे जणू दुसऱ्या कुणाचा, माझं ऐकायलाच तयार नाही.

शेजारच्या उतारावरून हे काठ्या टेकत जायचे आणि दर वेळी काहीतरी बोलून जायचे. बर्फ मोजून झाला का, म्हणायचे. मी म्हणाले, माझा पायच चुकीचा बांधलाय असं वाटतं, तर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. ती सगळी पोरं हसली. मराठी कळत नसूनही हसली, याचा मला जास्त राग आला.

शुक्रवारी दुपारच्या जेवणाला सगळे एकाच लांब टेबलावर होते. वन्संनी माझं सुजलेलं मनगट बघितलं, स्वतःच्या हाताने बाम चोळला आणि म्हणाल्या, "कशाला जिवाला लावून घेतीस गं शालन. तुझ्या पायाचं काय आजचं आहे का?"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण 'पाय' एवढाच शब्द ओळखून खन्नांनी विचारलं, क्या बात है, यांच्या पायाला काय झालंय? आणि यांना आयती संधी मिळाली. खुर्ची मागे लोटून, हात पुसून, यांनी आमच्या लग्नाची गोष्ट सगळ्या टेबलाला हिंदीत सांगायला घेतली.

गोष्ट अशी. आमच्याकडे नवी नवरी घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवतात, ते उजव्या पायाने लवंडून आत यायचं. मी डाव्याने लवंडलं. मुद्दाम नव्हे, उपाशी होते, घाबरले होते, जो पाय पुढे आला तो आला. सासूबाईंनी सगळ्या वऱ्हाडासमोर मला परत अंगणात पाठवलं, तांदूळ पुन्हा भरले आणि पुन्हा उजव्याने आत घेतलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी जेजुरीला देवदर्शनाला निघालो, तर नीरेच्या अलीकडे जीप रस्ता सोडून चारीत गेली आणि माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, कंबरडं मोडलं. त्यानंतर ते कधी काठीवाचून चालले नाहीत.

"मग आई काय करायची माहितीय का," हे रंगात येऊन सांगत होते, "ही बाजारातून आली, माहेरून आली, अगदी परसातून आली तरी आई दारात उभी. उजवा, शालन, उजवा. वर्षभर. शेवटी वळण लागलं. तरी एखादं दूध नासलं, म्हैस आटली, की आई म्हणायचीच, पांढऱ्या पायाची आहे ती." आणि मग समोरच्या बर्फाकडे हात करून म्हणाले, "आता या बर्फात सगळेच पांढऱ्या पायाचे."

टेबल हसलं. वन्संही हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोष्ट मला नवी नव्हती, सासूबाईंच्या तोंडून मी ती शेकडो वेळा ऐकली होती. ती यांनी सांगावी, जगात दुसऱ्या कुणीही सांगावी पण यांनी, आणि वर हसत, याने माझं डोकं फिरलं. मी ताट तसंच सोडून उठले आणि दार ढकलून तरातरा बाहेर पडले.

दाराबाहेर स्वयंपाकघरातलं पाणी फेकून फेकून बर्फाची काच झाली होती. जीप उभ्या राहतात तिथपर्यंत ती उतरत गेली होती. रोज आम्ही तिथून कठडा धरून जायचो. मी रागात तो धरलाच नाही. पाय सटकला. आता पडले, असं मनात आलं, आणि मी पडले नाही. गुडघे आपोआप वाकले, अंग आडवं झालं, आणि मी उभ्याच्या उभी घसरत घसरत खाली जीपच्या चाकाशी जाऊन थांबले. खाली बघितलं तर डावा पाय पुढे होता.

मी कठडा धरून वर गेले. या वेळी उजवा पाय पुढे ठेवून घसरले, आणि दोन हातांवर पालथी पडले. परत वर गेले. डावा पुढे ठेवला, आणि थेट खालपर्यंत उभी. जेवणघराच्या काचेला नाकं लावून पोरं बघत होती. हिला आता वेडच लागलं, असं त्यांना वाटलं असेल. मला काय वाटलं सांगू? चोरी सापडावी तसं वाटलं. माझाच पाय, माझ्याच अंगाला जडलेला, आणि कुणीतरी तो माझ्यापासून लपवून ठेवला होता.

नेगी सामानाच्या खोलीत फळ्या पुसत होता. मी म्हणाले, मला ढकल. तो गोंधळला. माताजी, कसं ढकलू, म्हणाला. मी म्हणाले, मी तुझी माताजी नाही. तू सगळ्यांना ढकललंस आणि मला पायरी चढायला लावलीस. पायरीवर मी उजवा टाकते कारण मला तो टाकायला शिकवलाय, मारून मुटकून शिकवलाय. मला पायरी नको, धक्का पाहिजे. आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

मागे तो एकदा खाकरला. मग पाठीत असा धक्का बसला की मी समोरच्या फळ्यांवर जाऊन आदळले. डाव्या पायावर.

"आप तो रेगुलर हैं," नेगी म्हणाला. डावा पाय पुढे असणाऱ्याला त्या खेळात रेग्युलर म्हणतात, म्हणजे रीतसर, चारचौघांसारखा. तो अगदी ओशाळला होता. माफी मागायला लागला, तेव्हा मी म्हणाले, माफी राहू दे, पाना काढ.

पट्टे फिरवून मी फळी घेऊन निघाले तर वाटेत हे. वन्संची बॅग भरून झाली आहे आणि माझीही भरून ठेव, असं सांगायला आले होते. मी काय झालं ते सांगितलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे बघ, अटीत पायाचं काही ठरलं नव्हतं. इतके दिवस मिळाले तुला. आता हट्ट पुरे, चारचौघांत शोभा होते.

"शुक्रवार संध्याकाळ ठरलं होतं," मी म्हणाले. "अजून दुपार आहे."

छोट्या उताराच्या माथ्यावर मी बसले आणि पट्टे आवळले.  उठले. पहिल्या झटक्यालाच फळी निसटली आणि बूड आपटलं. खाली पोरं जमली होती, खन्ना होते, हे होते, आणि शाल गुंडाळून वन्संही आल्या होत्या. मी परत उठले. डाव्या पायावर भार दिला, नेगी बुधवारपासून सांगत होता तसा, आणि या वेळी तो पाय माझं ऐकायला लागला. फळी सरकली. मी टाचांवर जोर दिला तर ती हळू झाली, सोडला तर पळाली. मधे एकदा अंग असं झोकांडलं की सगळं संपलं वाटलं, पण गुडघ्यांनीच ते सावरलं, मी नाही. फार वेगात नव्हते, काही डौलदार नव्हते, हात विहिरीत पडलेल्या माणसासारखे पसरले होते. पण खाली आले. कुणाचा हात न धरता, उभी, थेट सपाटीपर्यंत. मग मीच खाली बसले, कारण थांबायचं कसं ते अजून नीट येत नव्हतं.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. फक्त छातीत मोठी जागा झाली होती. त्या क्षणी मला कुणी काही बोललं नसतं तर मीही काही बोलले नसते. इतकी वर्षं बोलले नव्हते, तशी पुढेही निभावली असती.

पण हे टाळ्या वाजवत पुढे आले. वन्संकडे वळून, मराठीत, मोठ्या मनाने म्हणाले, "डाव्या पायाने का होईना, उतरली की अक्का. आता तरी हिच्या पायाचा दोष गेला म्हणायचा."

मी बर्फात बसूनच वर बघितलं. "अहो," मी म्हणाले, "त्या दिवशी जीप कोण चालवत होतं, ते सांगा वन्संना."

यांचा चेहरा जागच्या जागी थांबला. वन्सं म्हणाल्या, "गणपा चालवत होता. अजून कोण?"

गणपा आमचा ड्रायव्हर. त्या दिवशी जीपमध्ये आम्ही चौघंच होतो, आणि तो मागच्या बाजूला फाळक्यावर बसला होता, कारण नव्या नवरदेवाला नव्या नवरीपुढे गाडी चालवून दाखवायची होती. लोणंद सुटल्यावर यांनी त्याला उठवलं आणि स्वतः बसले. आबा हळू हळू म्हणत होते. वळणावर हे माझ्याकडे बघून हसले, आणि तेवढ्यात रस्ता संपला. चारीत पडल्या पडल्या, वेदनेने दात खात, आबा मला म्हणाले होते, सूनबाई, गाडी गणपा चालवत होता, ध्यानात ठेव. नवं लग्न झालेल्या लेकाचं नाव त्यांना गावात घालवायचं नव्हतं. मी ध्यानात ठेवलं. मग चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही दोघांना. बाहेर गणपाला, त्याची नोकरी गेली. आत माझ्या पायाला. आबा गेल्यावर बोलायला मला कुणाची आडकाठी नव्हती. पण मी वाट बघत होते, की हे कधीतरी स्वतःहून सांगतील. आईला नाही तर बहिणीला तरी. त्याऐवजी यांनी गोष्ट केली, आणि ती पंगतीत वाढली.

हे सगळं मी वन्संना तिथे बर्फात बसून सांगितलं. आवाज चढवला नाही, चढवायची गरजच नव्हती.

वन्सं भावाकडे वळल्या. "जयवंता, खरं आहे का रे हे?"

"अक्का, आता इतक्या जुन्या गोष्टी…" हे म्हणाले आणि हातमोज्याची बोटं ओढत राहिले. ते उत्तरच होतं.

अपघातानंतर आबा अंथरुणात होते तेव्हा वन्सं सासर सोडून महिनेच्या महिने येऊन राहायच्या. त्यांना कूस बदलून द्यायच्या, पाठीला पावडर लावायच्या, आणि परसात माझी चाहूल लागली की तोंड फिरवायच्या. त्यांना काय काय आठवलं असेल, देव जाणे. माझी माफी त्यांनी मागितली नाही, आमच्यात ती पद्धतही नाही. त्या नुसत्या फळीला बांधलेल्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मग शाल घट्ट ओढून घेतली.

"शालन, तू राहा इथं, तुझं होईस्तोवर," त्या म्हणाल्या. "जयवंता, उद्या माझ्यासंगं तू चलायचं. आणि मागं बसायचंस. जीप ड्रायव्हर चालवील."

यांनी काठ्या उचलल्या आणि बॅग भरायला गेले.